कच्चे टाके

१

थोरलीचं कामच मुळी दोष शोधण्याचं. कपड्यांच्या कारखान्यात ती चेकर होती. शिवून आलेला शर्ट ट्यूबलाइटखाली पसरायचा, उलटा-सुलटा करायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, टाका सुटलेला दिसला की तिथे खडूची फुली मारायची आणि लोंबणारा प्रत्येक दोरा गळ्यात अडकवलेल्या छोट्या कात्रीने कापून टाकायचा. हे शेवटचं काम तिच्या हातात इतकं मुरलं होतं की घरी आल्यावरही ते हात थांबत नसत. बोलता बोलता ती समोरच्याच्या बाहीचा दोरा कापायची आणि आपण कापला हे तिला कळायचंही नाही. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताईसमोर उभं राहायचं तर मिशा सांभाळून."

त्या रविवारी सकाळी ती अप्पांच्या पलंगावरची चादर बदलत होती. अप्पा म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर बस चालवली, पहाटेची पहिली फेरी कधी चुकवली नाही. आई गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती आणि या नव्या खोलीत आल्यापासून तर ती परत यायचं नाव घेत नव्हती. रात्रभर खाजवणं, कूस बदलणं, उठून बसणं. "पुरळ आलंय, उकाड्याचं," एवढंच ते म्हणत.

थोरलीने गादीची कड उचलली आणि कडेच्या गोटाच्या घडीत अंगठा घातला. मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके. चादरीवर तांबूस, पुसट डाग. घडीच्या कोपऱ्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, रिकामी कात. आणि नाक जवळ नेल्यावर एक गुळमट, शिळा वास.

"ढेकूण," ती म्हणाली.

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की. आपण काय पाळलेत?"

"पाळले नाहीत गं," अप्पा दंड खाजवत म्हणाले. "पण पोसतोय मी."

ढेकूण झालेत हे कुणी कबूल करत नाही. माणूस पोटदुखी सांगेल, घरातली भांडणं चव्हाट्यावर मांडेल, पण ढेकणाचं नाव निघालं की त्याची मान खाली जाते. जणू घाणीत राहिल्याची पावतीच मिळाली. ढेकणाला घाण लागत नाही, उबदार रक्त लागतं, आणि ते स्वच्छ माणसाचंही तितकंच उबदार असतं. पण हे ऐकून कोण घेतो? थोरलीला संताप यायचा तो या लाजेचा. ज्याचं रक्त जातं त्यानेच वर तोंड लपवायचं, हा कुठला न्याय?

तरी घरमालकीणबाईंना सांगायला ती जिना चढली तेव्हा तिचा आवाज आपोआप खाली आला.

२

त्याला कारण होतं. या बाईंचे उपकार होते.

अप्पांना घेऊन थोरली आणि धाकटा खोली शोधत फिरले तेव्हा एकेका घरमालकाने असे काही दात दाखवले होते की थोरलीने त्यांची नावं मनात कोरून ठेवली होती. म्हातारं माणूस आहे? मग नको. उद्या काही झालं तर खोलीचं नाव खराब होतं. एकाने तर अप्पांच्या तोंडावर विचारलं होतं, "यांचं वय काय?" जसं काही टायर किती चाललाय ते बघतोय. आणि या बाई मात्र खालच्या मजल्याच्या दोन खोल्या दाखवताना अप्पांकडे बघून प्रसन्न हसल्या होत्या.

"वडील आहेत? मग उत्तमच. आतल्या खोलीत पलंग आहे, गादी आहे. त्यांचीच सोय समजा."

थोरलीचे डोळे भरून आले होते. तेव्हापासून बाईंसमोर तिची धारदार जीभ बोथट व्हायची.

"ढेकूण?" बाई आता म्हणाल्या. "माझ्या खोलीत कधीच नव्हते. सामानातून आणले असतील तुम्ही."

"बाई, ठिपके गादीत खोलवर आहेत. जुने आहेत."

"तुमच्या आधी एक वयस्कर गृहस्थ राहायचे. त्याच गादीवर. कधी कुरकूर नाही केली हो. सकाळी हाक मारली तरी उठायचे नाहीत, इतकी गाढ झोप."

"आता कुठे असतात ते?"

बाईंनी जरा आठवल्यासारखं केलं. "गेले. सामान इथंच ठेवून गेले. फवारणी करायची तर करून घ्या, पण गादी टाकायची नाही. ती खोलीची आहे."

एरवी थोरलीने तिथल्या तिथे वाभाडे काढले असते. पण उपकार आठवले आणि ती जिना उतरली.

३

फवारणीवाला बोलका होता. पाठीवर टाकी, कपाळावर टॉर्च. आल्या आल्या त्याने पलंग भिंतीपासून ओढला, कपडे पिशव्यांत भरून तोंडं बांधायला लावली, आणि पलंगाच्या प्रत्येक खुराखाली प्लास्टिकची एकेक वाटी सरकवली. वाटीला दोन गोल खोबणी होत्या, एक बाहेरची, एक आतली, दोन्हींत पावडर.

"आधी बघू पाहुणे कुठून येतात," तो म्हणाला. "बाहेरच्या खोबणीत सापडला तर तो भिंतीतून पलंगाकडे निघालेला. आतल्या खोबणीत सापडला तर पलंगावरून उतरलेला. या पावडरीवरून त्यांना चढता येत नाही. आणि एक सांगतो ताई, लोक इथेच चुकतात. काकांना दुसऱ्या खोलीत झोपवायचं नाही. माणूस हलला की हे त्याच्यामागे घरभर पसरतात. आहेत तिथेच झोपू दे."

"म्हणजे मी आमिष," अप्पा म्हणाले.

"तसंच समजा काका."

"गळाला लावलेल्या गांडुळाला तरी कुणी वर विचारत नाही, झोप लागली का म्हणून."

धाकटा खो खो हसला. थोरली हसली नाही. सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करायचं, ही तिची सवय. आमिष तर आमिष.

काही दिवसांनी फवारणीवाला परत आला, गुडघ्यांवर बसला आणि पहिली वाटी उचलून टॉर्चच्या उजेडात फिरवत राहिला.

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

त्याने वाटी पुढे केली. आतली खोबण काळी झाली होती. मोठे, छोटे, दाण्याएवढी पिल्लं, एकमेकांच्या अंगावर चढलेली. बाहेरची खोबण स्वच्छ होती, पावडर मोडलीसुद्धा नव्हती. दुसरी वाटी तशीच. सगळ्या तशाच.

"हे उतरतायत," तो म्हणाला. "वर माणूस झोपलाय, गरम, आयतं जेवण, आणि हे रांगेने खाली उतरतायत. मी इतकी घरं केली. यांना पळ काढताना कधी बघितलं नाही."

"तुमच्या पावडरीच्या वासाने असेल."

"पावडर तर खाली आहे. वासाला भ्यायले असते तर वरच बसले असते." त्याने टॉर्च गादीवर फिरवला आणि पुन्हा विझवला. "गादी टाकून द्या, ताई."

"मालकीणबाई देत नाहीत."

"मग वाफ देतो, औषध मारतो. उरलेले मरतील." आणि यंत्र चालू करता करता, तिच्याकडे न बघता, तो म्हणाला, "मरतील ते मरतीलच. त्याची काळजी नाही."

४

वाफ देताना गादी उभी करावी लागली. तेव्हा थोरलीने तिची शिवण पहिल्यांदा नीट पाहिली आणि तिच्या तोंडून वाहवा निघाली.

उशी असो, गादी असो, लोड असो, शिवायची रीत एकच. उलटी करून तीन बाजू शिवायच्या, सुलटी करायची, कापूस भरायचा आणि राहिलेलं तोंड बाहेरून हाताने शिवून टाकायचं. ते शेवटचं तोंड कितीही सफाईने शिवलं तरी चेकरच्या नजरेतून सुटत नाही. टाके थोडे तिरके, कुठेतरी गाठ. या गादीच्या पायथ्याला ते तोंड होतं, टाके हाताचे होते, एकसारखे, बारीक, मापून घातलेले. पण गाठ बाहेर नव्हती. अंगठ्याने चाचपली तेव्हा ती आतल्या बाजूला लागली. दोराही आतून ओढलेला, कारण कापडाच्या कडा आत वळल्या होत्या, जसे मुडपलेले ओठ.

आतून शिवून तोंड बंद करायचं म्हणजे शिवणाऱ्याने कुठे बसायचं?

तिने पुन्हा गाठ चाचपली. मग तिने स्वतःशीच मान हलवली. काही कारागीर असतात असे, वाकडी सुई वापरून उलटी गाठ मारणारे. जुन्या हातांच्या करामती. उलट तिला बरं वाटलं. दिवसभर कारखान्यात घाईघाईने मारलेली शिलाई बघून वैतागलेल्या माणसाला असं काम बघायला मिळालं तर त्याने आभारच मानायचे.

"ताई, गादीशी लग्न लावायचंय का?" धाकट्याने हाक मारली. "धर, पडतेय."

५

आणि ढेकूण गेले. खरोखर गेले. वाट्या कोऱ्या राहू लागल्या, ठिपके वाढेनात, गुळमट वास गेला.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अप्पांना झोप लागली.

पहिल्या सकाळी थोरलीचा डबा भरून झाला तरी आतून चाहूल नव्हती. तिने डोकावलं. अप्पा उताणे, हात सरळ, चेहरा सैल. आई गेल्यापासून तिने तो चेहरा असा पाहिला नव्हता. ती दारातच उभी राहिली आणि तिला रडू आलं. घरात त्या दिवशी सण असल्यासारखं वातावरण होतं. तिने वर जाऊन बाईंचे आभार मानले. फवारणीवाल्याला फोन करून त्याचे मानले. धाकट्याने संध्याकाळी येताना मिठाई आणली.

"माणसासारखा झोपलो," अप्पा म्हणाले. "गादी काय धरून ठेवते गं मला! जसं कुणी अलगद सीटपट्टा बांधलाय."

झोप वाढत गेली. आधी सकाळची, मग दुपारची. पहाटेची पहिली फेरी न चुकवणारा माणूस उन्हं खिडकीतून सरकून भिंतीवर चढेपर्यंत झोपू लागला. बसस्टॉपवरच्या मित्रांकडे जाणं थांबलं. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहू लागलं. त्यावरून घरात रोज वाद घालायचे ते, मंत्र्यांची, महापालिकेची, रस्ता खोदणाऱ्या ठेकेदारांची सालटी काढायचे. तेही बंद.

"म्हातारपणी शरीर थकवा वसूल करतं," धाकटा म्हणाला. "इतकी वर्षं झोपले नाहीत, आता झोपू दे ना."

थोरलीलाही ते पटलं. खाजवणाऱ्या, तळमळणाऱ्या बापापेक्षा झोपलेला बाप बरा, यात शंका कसली? तिने रोज मनोमन आभार मानले. रोज सकाळी ती त्यांना हाताला धरून उठवायची, आणि उठवताना बनियनच्या कडेला, पायजम्याच्या कडेला लोंबणारा पांढरा दोरा कचकन कापून टाकायची.

रोज. आणि एकदाही तिच्या मनात आलं नाही की धुवून इस्त्री केलेल्या बनियनला रोज नवा दोरा येतो कुठून. हात आपलं काम करत होते.

रविवारी ओट्याशी भाजी चिरताना तिला एक आवाज ऐकू यायचा. टक्. मग सर्र. मग थोडं थांबून पुन्हा टक्. ताणलेल्या कापडातून सुई जाते आणि मागून दोरा ओढला जातो, तो आवाज. कारखान्यात काज-बटणाच्या टेबलाशेजारी दिवसभर तोच असतो. कानात बसलाय, असं म्हणून ती चिरत राहायची.

६

मग एका सकाळी अप्पांनी चहासाठी हात पुढे केला आणि चादर हाताबरोबर वर आली.

थोरलीने कप खाली ठेवला. सदऱ्याची बाही मनगटापासून कोपरापर्यंत चादरीला टाचलेली होती. लांब, सैल, एकसारखे टाके. तिने ते ओळखले, कारण ओळखण्यावरच तिचं पोट होतं. हे कच्चे टाके. पक्की शिलाई मारायच्या आधी दोन कापडं सरकू नयेत म्हणून घालतात ते.

नुसतेच कच्चे टाके कुणी घालत नाही. पुढे शिवायचं असतं म्हणून घालतात.

"अप्पा, हे काय?"

अप्पांनी बाहीकडे बघितलं, कुतूहल नसलेल्या नजरेने. "असेल काहीतरी. काप."

तिने कापलं. मग सरळ धाकट्यावर जाऊन धडकली. तो दाढी करत होता.

"हा कसला पाचकळपणा? झोपलेल्या माणसाची बाही शिवतोस?"

"मी?" साबणाच्या फेसातून त्याचे डोळे तेवढे दिसत होते. "ताई, मला शर्टाचं बटण लावता येत नाही. गेल्या महिन्यात स्टेपल केलं होतं, तूच ओरडलीस."

ते खरं होतं. मग उरलं कोण? अप्पांच्या हाताला कंप होता, त्यांना सुईत दोरा ओवता आला नसता. राहिली ती स्वतः. झोपेत चालणारी माणसं असतात, झोपेत शिवणारी का नसावीत? तिने आपली बोटं उजेडात धरून पाहिली, सुईचं टोचलेलं कुठे दिसतंय का ते. दिसलं नाही. पण तिला तेच खरं मानायचं होतं. आपण वेडे आहोत असं मानणं तिला त्या घडीला सोपं वाटलं. दुसरं जे मनात येत होतं त्याला मनात जागाच नव्हती.

अंघोळीला जाताना अप्पांनी पायजमा वर केला तेव्हा पोटरीवर लालसर ठिपक्यांची रांग दिसली. तिचा जीव भांड्यात पडला. ढेकूण रांगेत चावतात. परत आले मेले! ती हसत जवळ गेली आणि हसणं ओठांवरच राहिलं. ढेकणाची रांग वाकडीतिकडी असते, इथे दोन, तिथे एक. हे ठिपके एका रेषेत होते, दोन ठिपक्यांमधलं अंतर सारखं होतं, आणि एकावरही सूज नव्हती.

"खाजतंय का, अप्पा?"

"छे. काहीच होत नाही गं आताशा."

७

त्याच दिवशी कारखान्यात बॉयलरमध्ये बिघाड झाला आणि दुपारी सगळ्यांना घरी सोडलं. धाकटा दुपारपाळीला जायच्या तयारीत बाहेरच्या खोलीत बूट घालत होता. थोरली आत आली, चप्पल काढली आणि आवाज ऐकला.

टक्. सर्र.

कारखाना बंद होता. कान रिकामे होते. तिने धाकट्याकडे पाहिलं. त्याच्या हातातली बुटाची नाडी तशीच राहिली होती.

"हे रोज रात्री ऐकू येतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मला वाटलं तूच आत काहीतरी शिवत असतेस."

आतल्या खोलीत दुपारचं स्वच्छ ऊन होतं. लपायला सावलीसुद्धा नव्हती. अप्पा उताणे झोपले होते, हात अंगालगत सरळ. त्यांच्या दंडाशेजारी, बनियनच्या कडेजवळ, चादरीतून काहीतरी बारीक चकाकत वर आलं. गवताच्या पात्याएवढं. ते उभं राहिलं, थोडं कललं, बनियनच्या कडेतून आरपार गेलं आणि पुन्हा चादरीत बुडालं. मागून पांढरा दोरा सळसळत ओढला गेला. मग चादर तिथेच जराशी फुगली आणि तो फुगवटा पुढे सरकला. कापडाखालून हात घालून आपण जागा चाचपतो, पुढचा टाका कुठे घालायचा ते बोटाच्या पेराने ठरवतो, अगदी तसा.

थोरली ओरडली नाही. गळ्यातली कात्री तिच्या हातात कधी आली हे तिला कळलं नाही. तिने पहिला टाका कापला आणि सुई, अर्धी वर आलेली, थांबली. कुणी आपल्याला हाक मारली का, असं ऐकत असल्यासारखी थांबली.

"धर त्यांना!" ती धाकट्याला म्हणाली.

धाकट्याने अप्पांच्या काखेत हात घातले. कच्चे टाके पटापट तुटत गेले. पण पायांकडे गेल्यावर कात्री अडली. तिथे कच्चे टाके नव्हते. पायजम्याच्या कडेला दुहेरी, घट्ट, पक्की शिलाई होती, आणि ती कापडावर संपत नव्हती. टाचेच्या जाड कातडीतून दोरा गेलेला होता, सफाईने, रक्ताचा एक थेंब न सांडता.

"अगं, असू दे," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. त्यांचा आवाज दूरवरून यावा तसा होता. "किती छान आहे. कशाला उठवतेस?"

तिने टाचेतला दोरा कापला. धाकट्याने हिसडा दिला. उसवण्याचा लांबलचक आवाज झाला आणि अप्पा जमिनीवर आले, दोघांच्या अंगावर, पिसासारखे हलके. त्यांच्या मागे चादरीवर त्यांच्या आकाराची खोलगट जागा होती. तिच्या कडांनी तुटलेल्या दोऱ्यांची टोकं उभी होती. दोघांच्या डोळ्यांदेखत ती टोकं एकेक करून आत ओढली गेली, न घाई करता, कामाचं सामान आवरावं तशी.

८

घरमालकीणबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या होत्या. अप्पांना धाकट्याने पाठीवर घेतलं होतं. थोरलीने एवढंच म्हटलं, "बाई, त्या गादीत..."

"पण ते नीट झोपत होते ना?" बाईंनी विचारलं. आणि वाईट हे की त्यांच्या आवाजात खरी आपुलकी होती.

थोरलीची जीभ तेव्हा मोकळी झाली. पण बाईंना शिव्या देऊन काय होणार होतं? गादीबद्दल खरं सांगितलं असतं तर गल्लीने तिलाच वेड्यात काढलं असतं. ती दारात उभी राहिली आणि पोटातून ओरडली, "या खोलीत ढेकूण आहेत! गादीत ढेकूण आहेत! म्हाताऱ्या माणसाला सोलून खाल्लंय! ऐका सगळ्यांनी!"

खिडक्या उघडल्या. बाईंचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. पुढे कित्येक दिवस, कारखान्यातून परत जाताना, थोरली वाट वाकडी करून त्या गल्लीत जायची, किराणा दुकानात, इस्त्रीवाल्याकडे, दूधवाल्याकडे तेच सांगायची. खोली बघायला आलेल्या माणसांना चौकातच गाठायची. ज्या गोष्टीची लाज वाटून तिने आवाज खाली घेतला होता तीच ती आता छाती फुगवून सांगत होती. म्हातारे आईबाप घेऊन आलेले लोक तोंड वाकडं करून परत फिरायचे, आणि ती त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे बघून हुश्श करायची.

कारण तोवर तिला सगळं समजलं होतं, जितकं समजण्यासारखं होतं तितकं. तळमळणाऱ्या माणसाला टाका घालता येत नाही. कापड स्थिर लागतं. ते हजारो ढेकूण रात्रभर अप्पांना चावत होते, खाजवायला लावत होते, कुशीवर वळवत होते, उठवून बसवत होते. त्यांनी काही उपकार म्हणून केलं नसेल, भुकेने केलं असेल. शेवटी तेही घाबरून पळाले. पण पळेपर्यंत त्यांनी तिचा बाप तिच्यासाठी जागा ठेवला होता, आणि तिने त्यांना वाफेने भाजून काढलं होतं, वर मिठाई वाटली होती. थोरली देवाधर्माच्या फारशी वाटेला जात नसे. पण कुणाचे आभार मानायचे याबद्दल आता तिच्या मनात गोंधळ नव्हता.

नवी खोली लहान आहे. अप्पांना लाकडी फळ्यांची खाट आहे, वर एक सतरंजी, बस्स. टाचेची जखम भरली. वजनही हळूहळू परत येतंय. फळ्या टोचतात, पाठ धरते, आणि दिवसभर त्यांची कुरकूर चालू असते. वर्तमानपत्राची घडी पुन्हा मोडायला लागली आहे. ठेकेदारांची सालटी पुन्हा निघतायत. धाकटा म्हणतो, "डोकं उठवलंय यांनी." थोरली म्हणते, "उठवू दे."

सुट्टीच्या दुपारी ती बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसते आणि खाटेची करकर ऐकते. डावी कूस. करकर. उजवी कूस. करकर. त्याच्याइतकं गोड तिने काही ऐकलेलं नाही. मधेच करकर थांबते. तेव्हा तिचे हात थांबतात, आणि त्या शांततेत ती कान देऊन बसते, दुसरा कुठला आवाज येतोय का ते ऐकत.

"अप्पा?"

उत्तर येत नाही.

"अप्पा!"

"काय आहे गं?" आतून तिरसट आवाज येतो. "आत्ता कुठे डोळा लागत होता. दुपारी घटकाभर झोपू देशील की नाही म्हाताऱ्याला?"

"नाही," थोरली म्हणते. "कूस बदला."